अंगावर काढलेलं दुखणं आणि विम्याचा कागद

(महिला दिनानिमित्त तालुक्याच्या गावी भरलेल्या मेळाव्यात आमच्या सल्ला केंद्रातल्या एका कार्यकर्तीनं केलेलं हे भाषण. बोलीचा बाज तसाच ठेवला आहे. भाषणानंतर विचारलेले दोन प्रश्न शेवटी दिले आहेत. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

सकाळपासून मारहाण, पोटगी, रेशनकार्ड यांवर बरंच बोलणं झालं. आता जेवणं झालीत, डोळ्यांवर झापड आहे, आणि माझ्या वाट्याला विषय आलाय आरोग्य विमा. विमा म्हटलं की आपल्याला वाटतं, ते घरातल्या पुरुषांचं काम, कागद त्यांच्याच कपाटात. म्हणून कलमं-नियम मागून सांगते. आधी एका बाईची गोष्ट ऐका. तिला विचारून सांगतेय, फक्त नाव सांगत नाही.

चाळिशीची बाई. घरी शिलाईकाम करते, नवरा टेम्पो चालवतो. २०२१ च्या जूनमध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरत होती तेव्हा, नवऱ्यानं धास्तीनं सगळ्या घराची मिळून तीन लाखांची पॉलिसी काढली. एजंट ओळखीचा. फॉर्म एजंटनं भरला, सही नवऱ्यानं केली. बाई शेजारच्या खोलीत मशीनवर बसलेली. तिला कुणी काही विचारलं नाही.

या बाईच्या अंगावरून खूप जायचं. तिनं कुणाला सांगितलं नाही. कापडं वाढवली, गूळ-शेंगदाणे खाल्ले, काम चालू ठेवलं. २०२२ ची दिवाळी झाल्यावर एकदा मशीनवरच चक्कर आली, तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरकडे गेली. सोनोग्राफीत गर्भपिशवीला गाठी निघाल्या. गोळ्या सुरू झाल्या, मग पैशापायी बंद झाल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन सहावर आलं. रक्त चढवून पिशवी काढावी लागली. बिल झालं ९४ हजार. दवाखान्यात कॅशलेसला नकार आला. पाटल्या गहाण ठेवून बिल भरलं आणि मग कागद जोडून क्लेम टाकला. दोन महिन्यांनी इंग्रजीतलं पत्र आलं. आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे, तो अर्जात लपवला आहे, सबब दावा नामंजूर.

कंपनीला हे कळलं कुठून? दवाखान्याच्या केस पेपरवरून. दाखल करताना बाई अर्धवट शुद्धीत होती. शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, हे केव्हापासून? सासू बाजूला उभी होती. ती कळवळून म्हणाली, "पाच वर्षं झाली असतील बघा. ही कुणाला सांगेल तर ना!" डॉक्टरनं लिहिलं, पाच वर्षांपासून जास्त रक्तस्राव. २०२४ मधून पाच वजा केले की २०१९. पॉलिसी २०२१ ची. झालं, कंपनीला कारण मिळालं.

ती पत्र घेऊन केंद्रावर आली तेव्हा म्हणाली, "ताई, मी सोसलं हाच माझा गुन्हा झाला का?"

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचा मुद्दा तिच्या या एका प्रश्नात आहे. आपण दुखणं अंगावर काढतो. आपल्याला तसंच शिकवलेलं असतं. पण आपण जे बोललो नाही, ते दुसरं कुणीतरी बोलतं. फॉर्मवर एजंट बोलतो, केस पेपरवर सासू बोलते, आणि त्यांचं बोलणं आपल्या नावावर लिहिलं जातं. आपल्या शरीराची हकिकत आपल्या हातात नसेल, तर तिचा उपयोग दुसरे करतात.

नकार किती तऱ्हेचा असतो?

'क्लेम नाकारला' एवढं म्हणून आपण थांबतो. पण प्रत्येक नकाराचं उत्तर वेगळं असतं, म्हणून आधी नकार ओळखायला शिकूया.

पहिला नकार म्हणजे 'कधीच नाही'. काही गोष्टी पॉलिसीतून कायमच्या वगळलेल्या असतात. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, या वगळणुकांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि त्यांना क्रमांक दिले. पॉलिसीत एक्सक्लूजन १, २, ३ अशी कलमं दिसतात ती हीच. एकूण अठरा आहेत.

दुसरा नकार म्हणजे 'अजून नाही'. याला वेटिंग पिरियड म्हणतात, आपण प्रतीक्षा काळ म्हणू. पॉलिसी नवी असेल तर पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, पिशवी काढणं, छातीतल्या साध्या गाठी अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती, ती एप्रिल २०२४ पासून तीनवर आणली.

तिसरा नकार म्हणजे 'तुम्ही लपवलंत'. हा सगळ्यांत वाईट, कारण यात नुसता दावा जात नाही, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

चौथा नकार नकारासारखा दिसत नाही. क्लेम मंजूर होतो, पण पैसे कमी येतात. समजा तुमच्या पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला तीन हजारांपर्यंत आहे आणि तुम्ही सहा हजारांची खोली घेतलीत. मग भाड्याचाच फरक कापतात असं नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं, कापलं जातं. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेली साधनं यांवर अशी कपात लावायची नाही, असं २०२० साली प्राधिकरणानं बजावलं आहे. तरी हिशेब आपणच तपासावा लागतो.

शिवाय 'न देय' वस्तूंची एक यादी असते. तिच्यात अडुसष्ट वस्तू आहेत. पॉलिसीत वेगळं म्हटलं नसेल तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. त्यात टीव्हीचे पैसे आहेत, टेलिफोनचे आहेत, मिनरल वॉटर आहे, ब्यूटी सर्व्हिस आहे. आणि त्याच ओळीत सॅनिटरी पॅडही आहे! पिशवीच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या बाईचं पॅड ही टीव्हीसारखी चैन आहे, असं ज्यांनी ही यादी केली त्यांना वाटलं असावं.

वगळलेलं शरीर कुणाचं?

त्या अठरा कलमांतलं सतरावं आणि अठरावं कलम वाचा. सतरावं आहे वंध्यत्वाबद्दल. मूल होत नाही म्हणून केलेले उपचार वगळले, आणि मूल नको म्हणून केलेली नसबंदी, गर्भनिरोधनही वगळलं. अठरावं आहे बाळंतपणाबद्दल. साधं बाळंतपण, अवघड बाळंतपण, सिझेरियन सगळं वगळलं. गर्भपात वगळला, मग तो आपोआप झालेला असो की कायद्यानं करून घेतलेला. सूट दोनच. गर्भ नळीत राहिला, म्हणजे पिशवीबाहेरचा गर्भ असेल तर पैसे मिळतात, आणि अपघातानं गर्भ पडला तर मिळतात.

हे आजचं नाही. १९८६ साली चार सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली, तेव्हापासून बाळंतपण बाहेरच आहे. कंपन्यांचं म्हणणं काय, तेही ऐकून घेऊ. त्या म्हणतात, विमा अचानक येणाऱ्या संकटासाठी असतो, बाळंतपण ठरवून येतं. ज्यांना मूल हवं तेवढेच लोक पॉलिसी घेतील, पैसे घेतील आणि निघून जातील. हिशेबाच्या वहीत हे बरोबर दिसतं. पण रक्तस्राव ठरवून होतो का? बाळंतपणात झटके येतात ते ठरवून येतात का? पुढच्या पिढीला जन्म देण्याचा खर्च समाजानं वाटून घ्यायचा की त्या एका घरानं सोसायचा, हा प्रश्न वहीत सुटत नाही.

काही पॉलिसींत बाळंतपणासाठी जास्तीचा हप्ता घेऊन तरतूद असते. तिला वेगळा प्रतीक्षा काळ आणि ठरावीक रकमेची मर्यादा असते, म्हणून लग्न ठरल्यावर किंवा दिवस गेल्यावर धावून उपयोग होत नाही. नोकरीच्या ठिकाणच्या गट विम्यात मात्र बाळंतपण बऱ्याचदा असतं, तिथं विचारा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, जेवण आणि जाण्यायेण्याच्या गाडीसह मोफत आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे दिलेलं आहे. ते कुणाचे उपकार नाहीत.

आणखी एक गोष्ट. बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात. बाहेरून दाखवणं, सोनोग्राफी, महिनोन् महिने घ्यायच्या गोळ्या यांचे पैसे मिळत नाहीत. नुसत्या तपासणीसाठी दाखल झालं तर तेही चौथ्या कलमानं वगळलेलं. म्हणजे बघा कसं होतं. पिशवी सांभाळायला विमा पैसे देत नाही आणि पिशवी काढायला देतो. आपल्या शिलाईवाल्या बाईनं गोळ्या का बंद केल्या? पैसे नव्हते म्हणून. ऑपरेशनला मात्र पॉलिसी आहे, असं घरात बोलणं झालं होतं.

याचं टोक आपण पाहिलंय. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ साली आली. तीही दाखल होण्यापुरतीच होती. पुढे बिहार, छत्तीसगडमधून बातम्या आल्या, की गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्या आणि कार्डावरचे पैसे उचलले. त्यावर दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सर्व राज्यांना या शस्त्रक्रियांबाबतच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणायला सांगितलं. आणि आपला बीड जिल्हा? तिथं ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची २०१९ साली शासनानं नेमलेल्या समितीमार्फत पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तिथली कारणं वेगळी होती, उचल होती, खाडा होता, उसाच्या फडात ना पाणी ना संडास. पण धडा एकच. बाईच्या दुखण्याकडे वेळेवर बघणारं कुणी नसलं, की शेवटी कातरीच चालते.

फॉर्म कोण भरतं?

आता त्या तिसऱ्या नकाराकडे, 'लपवलं' म्हणणाऱ्याकडे वळूया. विम्याचा करार परस्पर विश्वासावर असतो. कंपनी तुमचं शरीर बघत नाही, तुमच्या शब्दावर हप्ता ठरवते. म्हणून अर्जात विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं असा एक मेडिक्लेमचा खटला निकाली काढला. त्यात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार अर्जात सांगितला नव्हता. नवरा वारल्यावर त्याची पत्नी लढत होती. ती हरली.

पण आपल्या घरात फॉर्म कसा भरतात? एजंट प्रश्न वाचतसुद्धा नाही. 'नाही, नाही, नाही' असे शिक्के मारल्यासारखी उत्तरं लिहितो, कारण 'हो' लिहिलं तर मेडिकल करावी लागते, हप्ता वाढतो, गिऱ्हाईक जातं. बायकोच्या रकान्यात काय लिहायचं हे नवऱ्याला माहीत नसतं. आणि बाईलाही सगळं सांगता येत नाही. थायरॉइडची गोळी माहेरी असताना सुरू झालेली असते, लग्न मोडेल म्हणून आईनं लपवायला सांगितलेलं असतं. फिट येऊन गेलेली असते. मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेली असते. सासरी लपवलेलं फॉर्मवर कसं येणार? मग तीन वर्षांनी कंपनी म्हणते, तुम्ही फसवलंत.

आमच्या केंद्रावर अशी एक बाई आली होती. पॉलिसीच्या आधी चार वर्षांपासून तिचं मधुमेहाचं औषध चालू होतं. नवऱ्याला माहीत होतं, तरी फॉर्मवर 'नाही'. पायाची जखम चिघळून ती दाखल झाली आणि क्लेम नाकारला. आम्ही धडपडलो, पण औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या कंपनीच्या हातात होत्या. ती केस आम्ही हरलो. तिनं काही लपवलं नव्हतं, पण फॉर्मवर तिचा शब्दच नव्हता. म्हणून सांगते, बायांनो, हे आधी करायचं असतं. नंतरच्या लढाईत दरवेळी यश येत नाही.

मग काय करायचं? फॉर्म भरताना बाईनं समोर बसायचं. स्वतःच्या रकान्यातलं स्वतः सांगायचं. आजार सांगितला म्हणून कंपनी नाही म्हणेल किंवा हप्ता वाढवेल, तर तो नकार आज घेतलेला परवडतो. आजार सांगूनही कंपनीनं पॉलिसी दिली, तर पुढे त्याच आजाराचं निमित्त करून अंग काढून घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं आहे. भरलेल्या अर्जाची प्रत मागा. दुसऱ्यानं फॉर्म भरला असेल तर मजकूर समजावून सांगितल्याचा दाखला त्यावर असायला हवा. पॉलिसीसोबत 'ग्राहक माहिती पत्रक' मिळतं. काय मिळेल, काय नाही, किती दिवस थांबायचं, हे त्यात थोडक्यात असतं. ते मराठीत मागता येतं, मागाच. वाचून पटलं नाही तर नव्या पॉलिसीला तीस दिवसांची मुदत असते, तेवढ्यात परत करता येते.

आणि एक दिलासा. पॉलिसी सलग साठ महिने, म्हणजे पाच वर्षं, चालू राहिली की त्यानंतर 'तुम्ही सांगितलं नव्हतं' या कारणावरून दावा नाकारता येत नाही. कंपनीनं फसवणूक सिद्ध केली तरच. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागत, २०२४ पासून पाच झाली. म्हणून हप्ता चुकवू नका. खंड पडला की मोजणी पहिल्यापासून.

नकार आल्यावर

आता आपल्या शिलाईवाल्या बाईकडे परत येऊ. तिनं काय केलं ते क्रमानं सांगते.

आधी पत्राचं मराठी करून घेतलं. नकार तोंडी चालत नाही. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं ते कंपनीनं लेखी कळवायलाच हवं. मग आम्ही ते कलम उघडलं. 'आधीपासूनचा आजार' म्हणजे काय? पॉलिसीत व्याख्या दिलेली असते. पॉलिसीच्या आधीच्या ठरावीक काळात डॉक्टरनं निदान केलेला, किंवा ज्यावर डॉक्टरनं सल्ला वा उपचार दिलेला आजार. हा काळ तिच्या पॉलिसीत चार वर्षांचा होता, आता तीन असतो. डॉक्टर हा शब्द पुन्हा वाचा. व्याख्या डॉक्टरवर उभी आहे. सासूला काय वाटलं, शेजारणीनं काय पाहिलं, यावर नाही. पॉलिसीआधी ही बाई कुठल्याच डॉक्टरकडे गेली नव्हती. निदान नव्हतं, गोळी नव्हती. जे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, ते ती लपवणार कशी? आणि दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ तर २०२३ मध्येच संपला होता.

दुसरं, दवाखान्यातून सगळे कागद काढले. केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून नियम आहे. तिसरं, त्या डॉक्टरांना भेटून लेखी घेतलं, की 'पाच वर्षं' ही नोंद नातेवाइकाच्या सांगण्यावरून केली, त्याला वैद्यकीय पुरावा नाही. पहिली सोनोग्राफी नोव्हेंबर २०२२ ची, तिचा कागद तिनं सुदैवानं शिवणाच्या डब्यात जपून ठेवला होता. दोऱ्यांच्या रिळांखाली.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. उत्तर आलं, पूर्वीचाच निर्णय कायम. मग विमा लोकपाल. ही व्यवस्था १९९८ च्या नियमांपासून आहे, तरी फार थोड्या जणींना माहीत आहे. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते. फी नाही, वकील लागत नाही. अटी लक्षात ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. तिनं नाही म्हटलं, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, की लोकपालांकडे जायचं. नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. आणि त्याच प्रकरणात ग्राहक आयोगात किंवा कोर्टात आधी गेलेलं नसावं.

तक्रारीवर सही नवऱ्याची, कारण पॉलिसी त्याच्या नावावर. पण सुनावणीत बोलली ती. तिला विचारलं, इतके दिवस डॉक्टरकडे का गेला नाहीत? ती म्हणाली, "साहेब, आमच्यात बाई पडल्याशिवाय दवाखान्यात जात नाही."

निकाल तिच्या बाजूनं लागला. न देय वस्तू आणि खोलीची कपात जाऊन ८१ हजार मिळाले. पाटल्या सुटल्या. पैसे आले ते नवऱ्याच्या खात्यावर, हेही सांगायला हवं. तिचा नवरा सरळ म्हणून ठीक. ज्या घरात नांदणं बरं नाही, तिथं बाईच्या ऑपरेशनचे पैसे तिला दिसतही नाहीत.

लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तीस दिवसांत पाळला नाही तर दिवसाला पाच हजार रुपये दंड तक्रारदाराला द्यावा लागतो. आपल्याला निवाडा मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. तिथं दोन वर्षांची मुदत असते, आणि भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सुरुवातीची तक्रार नोंदवायला प्राधिकरणाचा 'बीमा भरोसा' कक्षही आहे, फोन १५५२५५.

आणखी काही गोष्टी

मार खाऊन दवाखान्यात गेलेल्या बाईला कधीकधी सांगतात, पोलीस केस आहे, क्लेम बसणार नाही. चूक आहे. दहावं कलम आहे ते गुन्हा करणाऱ्याच्या जखमांबद्दल. मार खाणारीनं कुठलाही गुन्हा केलेला नसतो. जखम कशी झाली हे डॉक्टरला खरं सांगा. तोच कागद पुढे कोर्टातही लागतो.

मनाचा आजार वगळता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २०१८ पासून लागू आहे. शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्यायचा, असं तो सांगतो. एका महिलेचा असा दावा नाकारला होता, दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१ साली तो द्यायला लावला.

आणि आपल्या तृतीयपंथी मैत्रिणींसाठी. लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया सातव्या कलमानं वगळल्या आहेत, आणि २०१९ चा कायदा मात्र सरकारनं त्यासाठी विमा द्यावा असं म्हणतो. ही मागणी आपल्या यादीत हवी.

नावांचा घोळ तर आपलाच. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, आणि दवाखान्यात कुणीतरी तिसरंच सांगितलेलं. एवढ्यावरूनही क्लेम अडतो. पॉलिसीवर आणि आधारवर एकच नाव ठेवा, आणि दाखल होताना तेच लिहिलं की नाही ते बघा.

ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. जुलै २०२४ पासून ती कुठल्याही रंगाच्या रेशनकार्डाला लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिथं आधीच्या आजाराचा प्रश्न नाही, पण ठरलेल्या उपचारांच्या यादीत बसावं लागतं आणि योजनेतलाच दवाखाना लागतो. तिथं आरोग्यमित्र बसतो. त्यानं नाही म्हटलं तर लेखी मागा आणि १५५३८८ ला फोन करा.

शेवटी

घरी गेल्यावर एकच काम करा. एक फाईल घ्या, नाही तर कापडी पिशवी घ्या. तिच्यात तुमची सगळी चिठ्ठी-चपाटी घाला. पहिल्या तपासणीपासूनचे रिपोर्ट, सोनोग्राफी, गोळ्यांच्या पावत्या, पॉलिसीची आणि अर्जाची प्रत. वरती एका कागदावर आपल्या हातानं लिहा, कोणतं दुखणं, कोणत्या साली, कोणता डॉक्टर. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. लेकीलाही आईच्या शरीराची हकिकत कळू दे. ही पिशवी नवऱ्याच्या कपाटात नको. तुमच्या हाताशी राहू दे.

आणि दुखलं की सांगायचं. मोठ्यानं सांगायचं, डॉक्टरला सांगायचं, तारखेसकट. अंगावर काढायचं नाही.

दोन प्रश्न

*बचत गटाचं कर्ज घेताना विम्याचे पैसे कापून घेतात. तो कसला विमा?*

त्याच दिवशी विचारायचं. कधी तो फक्त जीव गेला तर कर्ज फेडणारा असतो, कधी दवाखान्याच्या दर दिवसाला ठरावीक रक्कम देणारा. प्रमाणपत्र मागा. ते तुमच्या हातात नसेल तर दाखल झाल्यावर दावा करायचा असतो, हेच तुम्हाला कळणार नाही. पैसे आपल्या कर्जातून कापलेत, मग कागदही आपल्याला मिळालाच पाहिजे.

*नवऱ्यानं सोडलं. पॉलिसीत माझं नाव होतं. आता?*

नूतनीकरणाच्या वेळी त्यानं नाव काढलं तर तुमचं संरक्षण जातं, म्हणून त्याआधी हालचाल करा. घराच्या पॉलिसीतल्या एका व्यक्तीला आपली स्वतंत्र पॉलिसी करून घेता येते, त्याच कंपनीत किंवा दुसरीत. आधी जितकी वर्षं थांबलात ती वर्षं मोजली जातात, प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. दुसऱ्या कंपनीत जायचं तर नूतनीकरणाच्या तारखेआधीच अर्ज लागतो. तारीख माहीत नसेल तर ती आधी शोधू. जुन्या पॉलिसीचा नंबर घेऊन मंगळवारी केंद्रावर या, अर्ज आपण मिळून लिहू.